तेल सुटेपर्यंत

पंजाबी भाजीची कोणतीही पाककृती उघडावी, मग ती एखाद्या मासिकातील असो वा शेजारच्या घरून कागदाच्या चिटोऱ्यावर उतरवून आणलेली असो, तीत एक वाक्य हटकून आढळते : ‘मसाला तेल सुटेपर्यंत परतावा.’ किती वेळ परतावा, कोणत्या आचेवर परतावा, आणि तेल सुटतच नसेल तर काय करावे, याविषयी पाककृती बहुधा मौन पाळते; आणि स्वयंपाक करणारे माणूस पाच-सात मिनिटे झारा फिरवून, कढईच्या कडेला दोन-चार थेंब चमकलेसे दिसताच, पाणी ओतून पुढच्या कामाला लागते. याचा परिणाम सर्वांच्या परिचयाचा आहे. कांदा चांगला, टोमॅटो ताजे, गरम मसाला नामांकित, आणि तरीही पानात पडते ते कांदा-टोमॅटोचे आंबटसर कालवण, ज्यातील कांद्याचा उग्र दर्प गेलेला नसतो, ज्याचा रंग फिकट नारिंगी असतो, आणि ज्यातील पाणी ताटात वेगळे होऊन पोळीपर्यंत वाहत येते.

मग या न्यूनाची भरपाई करण्याच्या तजविजी सुरू होतात. कोणी काजू वाटून घालतो, कोणी मलई ओततो, कोणी लोण्याचा गोळा सोडतो, कोणी मसाल्याचे प्रमाण दुप्पट करतो. या वस्तूंना आपापले स्थान आहे व त्याविषयी पुढे लिहावयाचे आहेच; परंतु पंजाबी भाजीचे मर्म त्यांच्यात नसून वर सांगितलेल्या त्या एका वाक्यात आहे, अशी माझी पक्की धारणा आहे. पंजाबात या क्रियेला ‘भुनना’ म्हणतात. ती क्रिया म्हणजे मसाल्यातील पाणी क्रमाक्रमाने हाकलून लावण्याची क्रिया होय. आणि कोणता जिन्नस कोणत्या क्षणी कढईत पडावा याचा सारा क्रम या पाण्याच्या हिशेबावर ठरलेला आहे.

दोन प्रांतांच्या दोन वहिवाटी

महाराष्ट्रीय स्वयंपाक्याचा हात या बाबतीत लवकर का आटोपतो, याचे कारण त्याच्या आळसात नसून त्याच्या संस्कारात आहे. आपल्याकडील नित्याच्या भाज्या वाफेवर शिजतात. मोहरी, हिंग, हळदीची फोडणी झाली की चिरलेली भाजी तीत पडते, वर झाकण बसते, झाकणावर पाणी ठेवले जाते, आणि भाजी आपल्याच अंगच्या ओलाव्यात शिजून निघते. पाणी राखणे हे या पद्धतीचे तत्त्व आहे. जेथे आपल्याला खरपूस चव अभिप्रेत असते, उदाहरणार्थ भरल्या वांग्यात किंवा झणझणीत रश्श्यात, तेथे तो खरपूसपणा आपण कढईच्या बाहेर आधीच सिद्ध करून ठेवतो. कांदा निखाऱ्यावर वा तव्यावर भाजतो, सुके खोबरे लालसर करतो, तीळ, खसखस, धणे वेगवेगळे भाजतो, आणि या सर्वांचे वाटण करून ते फोडणीस घालतो. वाटण कढईत पडते त्या वेळी भाजण्याचे काम पुरे झालेले असते. त्याला दोन-चार मिनिटे परतले तरी पुरेसे होते.

पंजाबच्या गावात नारळ नाही. रश्श्याला अंग द्यावयाचे ते कांद्यानेच, आणि तो कांदा कच्चा असा कढईत जातो. त्याचे शिजणे, सुकणे, तांबूस होणे व शेवटी मसाल्यात विरघळून जाणे हे सारे तेथेच, तेलाच्या सान्निध्यात, घडवून आणावे लागते. आपण मात्र सवयीने त्या कच्च्या मसाल्यालाही वाटणाइतकाच वेळ देतो. वाटणाचे भाजणे आगाऊ झालेले असते, या मसाल्याचे व्हावयाचे असते, हा भेद ध्यानात न घेतल्यामुळे घरची पंजाबी भाजी फसते.

पाण्याची जकात

चार माणसांच्या भाजीसाठी आपण पाव किलो कांदा व पाव किलो टोमॅटो घेतला असे समजू. कांद्यात वजनाच्या सुमारे 89 टक्के पाणी असते, टोमॅटोत सुमारे 94 टक्के. म्हणजे वरून एक थेंबही न घालता कढईत साडेचारशे ग्रॅमच्या आसपास, जवळजवळ अर्धा लिटर, पाणी आलेले आहे. हे पाणी जोवर आहे तोवर मसाल्याचे तापमान 100 अंश सेल्सियसच्या फारसे वर जात नाही, मग खालची ज्योत कितीही मोठी असो.

असे का व्हावे, हे एका दाखल्याने स्पष्ट होईल. जुन्या काळी शहराच्या वेशीवर जकातनाका असे, आणि आत जाणाऱ्या प्रत्येक गाडीला तेथे थांबून जकात भरावी लागे. कढईतील पाणी हे 100 अंशांच्या वेशीवर बसलेले असेच एक नाके आहे. बुडाकडून जी जी उष्णता वर येते ती ते पाणी वाफ होण्यासाठी वसूल करून घेते, आणि मसाल्याचे तापमान वाढविण्यास काही शिल्लक उरत नाही. ही जकात किती भारी आहे पाहा : एक ग्रॅम पाणी 25 अंशांपासून 100 अंशांपर्यंत तापविण्यास 75 कॅलरी उष्णता लागते, परंतु त्याच एक ग्रॅम उकळत्या पाण्याची वाफ करण्यास सुमारे 540 कॅलरी लागतात, म्हणजे सातपटीहून अधिक. यास्तव मसाला गरम होण्यास वेळ लागत नाही, तो कोरडा होण्यास लागतो. आणि पाककृतीत ‘दोन मिनिटे परतावे’ असे लिहिले असले तरी घरगुती शेगडीला हे काम दोन मिनिटांत करता येणे केवळ अशक्य आहे. उपाहारगृहातील भट्टीची आच घरच्या शेगडीच्या कितीतरी पट असते, म्हणून तेथे जे भराभर घडते त्याला घरी सबुरी लागते.

कांद्याचे दोन जन्म

पहिल्या अवस्थेत, पाणी असेतोवर, कांदा शिजतो. चिरलेल्या कांद्याचा डोळ्यांत पाणी आणणारा उग्रपणा त्यातील गंधकयुक्त द्रव्यांपासून येतो. कांद्याच्या पेशी चिरल्या की त्यांतील एक पाचक द्रव्य या गंधकद्रव्यांवर काम करू लागते व झोंबणारा वायू निर्माण होतो. उष्णतेने ते पाचक द्रव्य निकामी होते, उग्र वायू उडून जातो, आणि कांदा मऊ, पारदर्शक व गोडसर होतो. या अवस्थेत चिमूटभर मीठ घालण्याची पंजाबी घरांतील चाल शास्त्रशुद्ध आहे, कारण मीठ पेशींतील पाणी बाहेर ओढून घेते व ते लवकर उडून जाण्यास वाट मिळते.

दुसरी अवस्था पाणी सरल्यावर सुरू होते. आता कांद्याचे तापमान तेलाच्या संगतीने 100 अंशांची वेस ओलांडते, आणि 140 अंशांच्या सुमारास कांद्यातील साखर व प्रथिनांचे घटक यांचा परस्परांशी संयोग वेगाने होऊ लागतो. लुई कामीय माइयार या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने 1912 साली या प्रक्रियेचे वर्णन प्रसिद्ध केले, म्हणून ती त्याच्या नावाने ओळखली जाते. भाकरीवरचे तांबूस डाग, भाजलेल्या कॉफीच्या बिया, तळलेल्या कांद्याचा घमघमाट, या सर्वांच्या मुळाशी हीच प्रक्रिया आहे, आणि तिच्यातून एक-दोन नव्हे तर शेकडो नवे स्वादगंध जन्मास येतात, जे कच्च्या कांद्यातही नव्हते आणि उकडलेल्या कांद्यातही नसतात. उपाहारगृहाच्या भाजीत जी खोल, भरदार चव जाणवते, जिचे श्रेय आपण अज्ञात मसाल्याला देतो, ती बव्हंशी येथली आहे.

कांदा बारीक चिरून मध्यम आचेवर परतला तर तो गुलाबी होण्यास दहा-बारा मिनिटे व बदामी होण्यास वीस मिनिटांच्या आसपास लागतात. प्रारंभी पाणी भरपूर असल्याने आच मोठी ठेवण्यास प्रत्यवाय नाही. पाणी सरत आले की मात्र ती उतरवली पाहिजे, कारण जकात संपल्यावर सारी उष्णता थेट कांद्याला लागते आणि बदामी व करपट यांत अंतर फार थोडे उरते. या टप्प्यावर कढईच्या बुडाशी तांबूस थर चिकटू लागतो. पुष्कळजण त्याला करपणे समजून घाबरतात व आच बंद करतात. वास्तविक तो थर म्हणजे नुकतीच जन्मास आलेली चव आहे. चमचाभर पाण्याचा हबका मारून झाऱ्याने बूड खरवडावे. तो थर विरघळून मसाल्यात उतरतो, तापमान क्षणभर खाली येते, करपण्याचा धोका टळतो, आणि ते पाणी उडाले की रंग पुन्हा एक छटा गडद होतो. पंजाबी स्वयंपाकी हा हबका तीन-चार वेळा मारतो. ‘भुनना’ म्हणजे नुसते ढवळीत राहणे नव्हे. पाणी उडवणे व पुन्हा थोडे देणे यांची ती आवर्तने आहेत.

कच्चा कांदा मिक्सरमध्ये वाटून घालण्याची जी हल्ली सार्वत्रिक सवय झाली आहे तिच्याविषयी येथे दोन शब्द लिहिणे प्राप्त आहे. वाटताना कांद्याच्या बहुतेक सर्व पेशी एकदम फुटतात, त्यामुळे उग्र गंधकद्रव्ये मोठ्या प्रमाणात निर्माण होतात व तो लगदा कडवट होतो. शिवाय सारे पाणी एकदम मोकळे झाल्याने तो कढईत उडत राहतो, भाजला जात नाही. मुलायम रस्सा हवा असेल तर कांदा आधी उभा चिरून तेलात परतावा आणि मग वाटावा, किंवा प्रथम उकडून नंतर वाटावा. उकडलेल्या कांद्याने रस्सा पांढरट व सौम्य होतो, परतलेल्याने तांबूस व खमंग. दोहोंचा उपयोग वेगळा आहे.

टोमॅटो मागाहून का

कांद्यानंतर आले-लसूण येते. लसणीत पाण्याचा अंश कांद्याहून पुष्कळ कमी व शर्करावर्गी द्रव्ये अधिक असतात, म्हणून ती फार लवकर तांबूस होते व तितक्याच लवकर करपून कडू होते. कांद्याबरोबर ती प्रारंभीच घातली तर कांदा गुलाबी होईतो तिचा कोळसा झालेला असतो. कांदा बदामी होऊ लागला की ती घालावी आणि कच्चट वास जाईपर्यंत, म्हणजे मिनिट-दोन मिनिटे, परतावी.

टोमॅटोचा क्रम त्याहूनही महत्त्वाचा आहे. वनस्पतींच्या पेशींना एकत्र बांधून ठेवणारे पेक्टिन नावाचे एक द्रव्य असते. भाजी ‘शिजते’ म्हणजे हे बंधन सैल होते. आम्लाच्या सान्निध्यात ते सैल होण्यास फार विलंब लागतो, आणि टोमॅटो आम्लधर्मी आहे. कांदा पुरता मऊ होण्यापूर्वी टोमॅटो पडला की कांदा तसाच कचकचीत राहतो, आणि पुढे अर्धा तास उकळले तरी रश्श्यात त्याचे तुकडे दाताखाली येतात. रश्शाचे पाणी व चोथा वेगळे पडण्याचे एक प्रमुख कारण हेच. बटाटा, छोले, राजमा यांनाही हाच नियम लागू आहे. ते आधी शिजवावेत, आंबटाशी त्यांची गाठ मागाहून घालावी.

टोमॅटो मुळात अमेरिका खंडातील. पोर्तुगीजांच्या व्यापारमार्गाने मिरची, बटाटा यांसारख्या अन्य नवागतांप्रमाणे तो हिंदुस्थानात आला, आणि मिरचीच्या मानाने स्वयंपाकघरांत त्याचा अंमल बसण्यास बराच अधिक काळ लागला. पंजाबी पाकपद्धतीत आंबटपणासाठी दही, आमचूर आणि अनारदाणा, म्हणजे आंबट डाळिंबाचे सुकवलेले दाणे, ही साधने आजही जागती आहेत. अमृतसरी पद्धतीच्या छोल्यांत अनारदाण्याला जो मान आहे तो टोमॅटोला नाही. यास्तव टोमॅटो नाही म्हणून पंजाबी भाजी अडते असे समजण्याचे कारण नाही.

तेल सुटते म्हणजे काय होते

आता मूळ कोड्याकडे येऊ. टोमॅटो घातल्यावर कढईत पुन्हा पाण्याचा पूर येतो आणि तेल दिसेनासे होते. ते नाहीसे झालेले नसते. ढवळण्याने त्याचे अतिसूक्ष्म थेंब झालेले असतात, आणि कांदा-टोमॅटोच्या लगद्यातील पाणी व पेक्टिन यांनी ते थेंब परस्परांपासून अलग ठेवलेले असतात. जसजसे पाणी उडते तसतसा हा लगदा आक्रसतो, त्याला थेंब अलग धरून ठेवणे अशक्य होते, थेंब एकमेकांना भेटतात, मोठे होतात आणि कडेने वाहू लागतात. तेल सुटणे ही मसाला कोरडा झाल्याची खूण आहे. कानांनाही ती ओळखू येते : प्रारंभीची खदखद मावळून चुरचुर सुरू होते, कारण आता पाणी उकळत नसून मसाला तेलात तळला जात असतो.

कोरडेपणाची एवढी मातबरी कशासाठी, असा प्रश्न येथे उपस्थित होईल. त्याचे कारण असे की मसाल्यांतील बहुतेक रंग व सुगंध तेलात विरघळतात, पाण्यात विरघळत नाहीत. मिरचीचा तिखटपणा, मिरचीची लाल रंगद्रव्ये, हळदीचा पिवळा रंग, जिरे-लवंग-वेलदोड्यांतील सुगंधी तेले, आणि टोमॅटोस लाल करणारे लायकोपीन, ही सर्व तेलाची प्रजा आहेत. पाणी असेतो तेलाला त्यांच्याशी नीट संपर्क साधता येत नाही. पाणी सरले की तेल त्यांना पेशींतून ओढून घेते व स्वतः तांबडेभडक होते. पुढे गरम पाणी घालून मंद आचेवर आठ-दहा मिनिटे उकळी दिली की हेच रंगलेले तेल वर येऊन तरंगते. पंजाबी माणूस ज्याला ‘तरी’ म्हणतो व कोल्हापूरचा मिसळवाला ज्याला ‘कट’ म्हणतो ते हेच. वेगळा रंग घालण्याची गरजच राहत नाही. तिखटाची पूड मात्र कोरड्या तापलेल्या तेलात थेट टाकू नये, ती क्षणात काळवंडते. टोमॅटोबरोबर किंवा पाण्याचा हबका मारल्यावर लगेच ती घालावी. काश्मिरी मिरची तिखटास कमी व रंगास अधिक, म्हणून या भाज्यांत ती सोयीची.

एक सूचना व्यवहाराची. तेलच अगदी थोडे घेतले असेल तर ते सुटलेले दिसणार कोठून? आरोग्याच्या विचाराने चमचाभर तेलात स्वयंपाक करणारी पुष्कळ कुटुंबे या खुणेची व्यर्थ वाट पाहतात. त्यांनी दुसरी खूण धरावी : मसाला कढईची कड सोडून गोळा होऊ लागला, आणि झाऱ्याने मधोमध ओढलेली रेघ भरून न येता तशीच राहिली, म्हणजे पाणी गेले असे खुशाल समजावे. काजूचे वाटण घातल्यावरही तेल लवकर दिसत नाही, कारण ते वाटण थेंबांना पुन्हा धरून ठेवते. म्हणून ते घालावयाचेच असेल तर तेल सुटल्यानंतर घालावे.

> चौकट : चार माणसांचा मसाला
> पाव किलो कांदा अगदी बारीक चिरून, पाव किलो पिकलेले टोमॅटो किसून किंवा वाटून, आठ-दहा लसूणपाकळ्या व इंचभर आले ठेचून, चार मोठे चमचे तेल. तापल्या तेलात जिरे, एक तमालपत्र व एक मोठी काळी वेलची. मग कांदा व चिमूटभर मीठ. बदामी होईतो पंधरा ते वीस मिनिटे, मध्ये पाण्याचे हबके. मग आले-लसूण, दोन मिनिटे. मग टोमॅटो, अर्धा चमचा हळद, दोन चमचे धणेपूड, चमचाभर काश्मिरी तिखट. तेल सुटेतो दहा ते बारा मिनिटे. त्यानंतर गरम पाणी व भाजी. जाड बुडाची पसरट कढई घ्यावी : पृष्ठभाग जितका मोठा तितके पाणी लवकर उडते.

उपाहारगृहातील पंजाब

आपण महाराष्ट्रात ज्याला ‘पंजाबी’ म्हणतो ते अन्न आपल्यापर्यंत पंजाबी शेतकऱ्याच्या घरातून आलेले नाही, हेही सांगितले पाहिजे. 1947 च्या फाळणीने लक्षावधी पंजाबी कुटुंबे निर्वासित झाली. पेशावरहून दिल्लीस आलेल्या अशाच काही मंडळींनी दर्यागंजात ‘मोती महल’ हे उपाहारगृह चालविले, आणि लोणी, मलई व टोमॅटो यांच्या ‘मखनी’ रश्श्याची ख्याती त्या नावाशी निगडित आहे. मुंबईत शीव-कोळीवाड्यास, म्हणजे आजच्या गुरू तेगबहादूर नगरात, निर्वासित पंजाब्यांची मोठी वस्ती झाली. सर्वस्व गमावून आलेल्या माणसांनी हाताला येणाऱ्या कलेवर पुन्हा संसार उभे केले, आणि त्यांच्या चुलींतून एका साऱ्या देशाला नवी रुची लागली. या गोष्टीचे मला नेहमीच अप्रूप व आदर वाटत आला आहे.

पुढे उपाहारगृहांनी सोयीसाठी तीन-चार रस्से सकाळीच मोठ्या प्रमाणात सिद्ध करून ठेवण्याची रीत पाडली : टोमॅटोचा तांबडा, कांदा-टोमॅटोचा तपकिरी, काजू व उकडलेल्या कांद्याचा पांढरा. मागणी येताच यांचे मिश्रण करून त्यात पनीर, वाटाणे वा मिश्र भाज्या सोडल्या की पदार्थ तयार. काजूचे झाड पोर्तुगीजांनी ब्राझीलहून आपल्या पश्चिम किनाऱ्यावर, गोव्याकडे आणले. पंजाबच्या शेतीत त्याला स्थान नाही. तेथील घरच्या जेवणात आलू-गोभी, गाजर-मटर, शलगम, टिंडे, कारली, वांग्याचे भरीत, राजमा, कढी यांचा वावर असतो, आणि त्यांपैकी बहुतेकांत मलईचा थेंबही नसतो. घरी पंजाबी भाजी करावयाची तर मला या घरगुती पंजाबाचे अनुकरण अधिक इष्ट वाटते, कारण ते आपल्या शेगडीला व आपल्या प्रकृतीला झेपणारे आहे.

दूध, दही, मलई

तथापि मखनी रस्सा हवाच असेल तर मलईचे वर्तन समजून घ्यावे. दुधातील केसीन नावाचे प्रथिन आम्लाने व उष्णतेने गोळा होते. दूध नासते ते त्यामुळे. टोमॅटोच्या आंबट, उकळत्या रश्श्यात दूध ओतले तर ते फाटणे जवळजवळ ठरलेले. मलईत स्निग्धांश बराच व प्रथिने त्या मानाने थोडी, म्हणून ती निभावून नेते. तरीही आच मंद करून शेवटीच घालावी. दही सर्वांत नाजूक, कारण त्याचे केसीन आधीच गोळा झालेले असते आणि अधिक उष्णतेने ते आक्रसून पाणी सोडते. पंजाबी कढी तासभर उकळूनही फुटत नाही, याचे श्रेय बेसनाला आहे : त्यातील पिष्ट फुगून प्रथिनांच्या कणांमध्ये शिरते व त्यांना एकत्र येऊ देत नाही. दह्याच्या कोणत्याही रश्श्यात पाव वाटी दह्याला चमचाभर बेसन घुसळून घालावे. बेसन नसेल तर आच अगदी मंद ठेवून दही चमच्या-चमच्याने घालावे व सतत हलवावे.

भाजीभाजीचे नियम

पनीर हे आम्लाने फाडलेल्या दुधाचे असल्याने तापविले तरी वितळत नाही. परंतु फार वेळ उकळले तर त्यातील प्रथिने घट्ट होत जातात, पाणी पिळून बाहेर पडते आणि तुकडे रबरासारखे होतात. ते शेवटची चार-पाच मिनिटेच रश्श्यात असावे, आणि तळले असेल तर त्याआधी कोमट मिठाच्या पाण्यात भिजत ठेवावे. फुलकोबीला पाण्याचा स्पर्श जितका कमी तितकी ती चांगली. झाकून फार वेळ शिजविली की तिच्यातील गंधकद्रव्यांचा दर्प येतो. आलू-गोभीत म्हणूनच दोन्ही भाज्या आधी तेलात परतून घेतात, आणि मसाल्याचा रस्सा न करता तो त्यांना लपेटून घेतात.

पालक-पनीराचा हिरवा रंग ज्यांना टिकवावयाचा असेल त्यांनी आम्लाचा धाक धरावा. हरितद्रव्यातील मॅग्नेशियम आम्ल व उष्णता यांच्यामुळे निघून जाते आणि रंग शेवाळी होतो. भरपूर उकळत्या पाण्यात झाकण न ठेवता पालक दोन मिनिटे बुडवावा, लगेच थंड पाण्यात काढावा, मग वाटावा. टोमॅटो टाळावा किंवा नाममात्र घालावा. याच्या उलट सरसोंच्या सागाची गोष्ट. मोहरीचा पाला, पालक आणि बथुआ, म्हणजे आपला चाकवत, हे तीन पाले मंद आचेवर तासन्‌तास शिजवून लाकडी घोटण्याने घोटतात आणि मक्याचे पीठ लावून दाट करतात. या पिठाला तेथे ‘आलण’ म्हणतात. आपण ताकातल्या चाकवताला बेसन लावतो तीच युक्ती. एवढ्या वेळात हिरवेपणा सारा मावळतो, पण मोहरीच्या पाल्याचा झोंबरा कडवटपणाही मावळतो, आणि तेथे तेच हवे असते.

राजम्याच्या बाबतीत चवीआधी सुरक्षिततेचा विचार करावा लागतो. कच्च्या राजम्यात एक विषारी प्रथिन असते, ज्याने तीव्र उलट्या होतात. रात्रभर भिजवून ते पाणी टाकून द्यावे आणि ताज्या पाण्यात तो किमान दहा मिनिटे खळखळून उकळू द्यावा, मग पुढे शिजवावा. नुसत्या मंद आचेवर शिजविण्याने ते प्रथिन नष्ट होईलच अशी खात्री नसते. कुकरमध्ये तापमान 120 अंशांच्या आसपास पोहोचत असल्याने ही चिंता उरत नाही. छोले ज्या गावच्या पाण्यात शिजत नाहीत तेथील पाणी बहुधा जड असते. त्यातील कॅल्शियम पेक्टिनाचे बंधन अधिक घट्ट करते. चिमूटभर खाण्याच्या सोड्याने ते सैल होते, मात्र चिमटीहून अधिक सोडा घातला तर छोल्यांचे पीठ होते व चव साबणासारखी लागते. छोल्यांना काळसर रंग यावा म्हणून चहाची पत्ती किंवा सुका आवळा पुरचुंडीत बांधून बरोबर शिजवितात.

शेवटी पडणारे जिन्नस

अख्खे मसाले प्रारंभी तेलात पडतात, कारण त्यांच्या आतील सुगंध सावकाश बाहेर येतो. गरम मसाल्याची पूड शेवटी पडते, कारण दळताना तिचे सुगंध मोकळे झालेले असतात आणि दीर्घ उकळीत ते वाफेबरोबर घरभर पसरून भाजीत काही राहत नाही. कसुरी मेथीचेही तसेच. आज पाकिस्तानात असलेल्या, लाहोरच्या दक्षिणेकडील कसूर या गावावरून तिचे नाव पडले. ती कोरड्या तव्यावर क्षणभर शेकवून, तळहातांवर चोळून, आच बंद करताना घालावी आणि पाच मिनिटे झाकण ठेवावे. तिच्यात किंचित कडवटपणा असल्याने चार माणसांच्या भाजीस एक चमचा पुरे.

ज्या घरी रोज एवढा वेळ देणे शक्य नाही तेथे सुटीच्या दिवशी चौकटीतील मसाला चौपट प्रमाणात, दोन कढयांत विभागून, करून ठेवण्यास हरकत नाही. एकाच कढईत चौपट ढीग घातला तर पाणी उडण्याऐवजी कोंडून राहते आणि सारा खटाटोप वाया जातो. तेल सुटलेला मसाला पूर्ण निवल्यावर कोरड्या, झाकणाच्या डब्यात भरून फ्रिजमध्ये तीन-चार दिवस चांगला राहतो, आणि बर्फाच्या कप्प्यात महिनाभर. वापरताना तो प्रथम कढईत घालून त्यावर जमलेले दव उडेपर्यंत परतावा, कडेला पुन्हा तेल दिसू द्यावे, आणि मगच गरम पाणी ओतावे.